भाऊसाहेबांची सलामी

“मास्तर, कुठला?”

भाऊसाहेब निकम टेबलाखाली वाकून माझ्या बुटांकडे बघत होते.

“काय कुठला?”

“पाय ओ. दोन्हीकडं बूट, दोन्हीकडं मोजा. खोटा कुठला म्हणायचा?”

“ओळखा.”

त्यांनी जरा विचार केला आणि हातातल्या पट्टीनं माझ्या उजव्या नडगीवर टक्कन मारलं. मी “आई गं!” म्हणून नडगी धरली.

“आं? म्हंजे हा न्हवं?”

“हा चांगला आहे. आत्तापर्यंत होता.”

व्यायामशाळेच्या खिडकीच्या गजांना पोरं लोंबकळली होती. त्यांच्यात खसखस पिकली. मधल्या खुर्चीवर बसलेल्या घैसासबाईंनी चष्म्यावरून एकदा खिडकीकडे आणि एकदा भाऊसाहेबांकडे पाहिलं. दोन्हीकडे एकदमच शांतता झाली.

“भाऊसाहेब, चौकशी पायाची नाही. कामाची आहे. वर बसा.”

भाऊसाहेब वर बसले. पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली, पण हाताशीच.

पंचवीस वर्षं झाली या गोष्टीला. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी शाळेत व्यायामशिक्षक होतो. कवायत, खो-खो वगैरे होतंच, पण माझा जीव मल्लखांबात. व्यायामशाळेच्या मधोमध मऊ मातीच्या हौद्यात तो सागवानी खांब उभा होता, माझ्यापेक्षा साडेतीन फूट उंच, तेल पिऊन काळाभोर झालेला. तेरा वर्षं मी त्याच्यावर चढलो, उलटा झालो, फिरलो आणि मुलांना दाखवलं. मग एका संध्याकाळी माझी लूना आणि उसाची ट्रॉली यांची गाठ पडली. ट्रॉलीला काही झालं नाही. माझा डावा पाय गुडघ्याखाली गेला.

कृत्रिम पाय लावून मी जूनमध्ये कामावर हजर झालो. एक वर्ष नीट गेलं, निदान मला तसं वाटलं. दुसऱ्या वर्षी जुलैत संस्थेनं मला निलंबित केलं. पत्रात लिहिलं होतं, ‘सदर शिक्षक स्वतः मल्लखांबावर चढू शकत नसल्याने अध्यापनास अकार्यक्षम.’ पुढे चौकशी, आणि चौकशीत दोष ठरला तर नोकरी संपली.

चौकशी होईपर्यंतच्या तीन महिन्यांत मी घरच्या ओट्यावर बसून गल्लीतल्या चार पोरांना आणि एका सुनेला सायकल शिकवली. बसल्या जागेवरूनच, हं. पण एक गोष्ट मला पक्की कळली होती. ही शाळा सुटली, तर एका पायाच्या व्यायाममास्तराला दुसरी शाळा दारातही उभं करणार नाही. मी बेचाळीस वर्षांचा होतो. उरलेलं आयुष्य मुलं रस्त्यानं शाळेत जाताना बघायची, एवढंच काम राहिलं असतं.

अशा चौकशीला तिघांची समिती असायची. एक माणूस संस्थेचा, एक शिक्षकानं निवडलेला आणि एक पुरस्कार मिळालेला शिक्षक. तिघं मिळून जे ठरवतील ते संस्थेला मानावं लागे. संस्थेकडून आले उपाध्यक्ष भाऊसाहेब निकम. त्यांचं बाजारपेठेत पाइपांचं आणि मोटारपंपांचं दुकान होतं, आणि देहयष्टी मोटारपंपासारखीच, बुटकी आणि भरीव. माझ्याकडून शेजारच्या गावचे जाधवर मास्तर. इतिहास शिकवायचे, माणूस सोन्यासारखा, पण वाक्य सुरू केलं की ते कुठे संपवायचं हे त्यांनाही माहीत नसे. आणि अध्यक्षपदी घैसासबाई, पुरस्कार मिळालेल्या, गणिताच्या निवृत्त शिक्षिका. बाईंना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या हसतात का, याचा अंदाज येईना.

जाधवर मास्तरांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं. इतक्या वेळा घडी घातलेलं की त्याचे चार तुकडे झाले होते. ते त्यांनी टेबलावर जुळवले आणि वाचायला सुरुवात केली. खालचा तुकडा वर लागला होता, त्यामुळे कायदा शेवटापासून सुरू झाला. पण मुद्दा सगळ्यांना कळला. तीन वर्षांपूर्वी अपंगांसाठी नवा कायदा झाला होता, आणि नोकरीत असताना एखाद्याला अपंगत्व आलं तर त्याला त्या कारणासाठी काढता येत नव्हतं.

“पायासाठी कोण काढतंय?” भाऊसाहेब म्हणाले. “उद्या साळोखे मास्तरांचा पाय परत उगवला आणि काम होईना, तरी आम्ही काढणारच. आमचा राग पायावर न्हाई, बाई. त्या भिंतीवरचा फळा बघा. दरसाली एक तरी पदक आलंय. अपघातानंतर किती? शून्य. बसून सांगतात मास्तर, खुर्चीत बसून! मल्लखांब काय रेडिओवर शिकवायची गोष्ट हाय?”

मुख्याध्यापकांनी दाराशी उभ्या असलेल्या तरुणाला पुढे केलं. “हे संताजी थोरवत. साळोखे सरांच्या जागी तात्पुरते नेमलेत. विद्यापीठाचे सुवर्णपदक.”

संताजीनं बाईंना नमस्कार केला, मग जाधवर मास्तरांना, मग माझ्याजवळ आला आणि वाकला. वाकला, पण कुठल्या पायाला हात लावावा हे त्याला कळेना. तो तसाच मधे थांबला. मी त्याला खांद्याला धरून उभं केलं. तो माझाच विद्यार्थी. दहा वर्षांपूर्वी याच खांबावर तो असा काही फिरायचा की मी जेवण विसरायचो.

“तुम्हाला कुणी शिकवलं?” बाईंनी त्याला विचारलं.

“सरांनीच.”

“कसं?”

“सर चढायचे. मी बघायचो. मग मी चढायचो.”

“तुमच्या वर्गातली बाकीची मुलं?”

संताजीनं डोकं खाजवलं. “ती पण बघायची.”

बाईंनी पेन्सिल उचलली. “मघाशी येताना मी तो फळा वाचला. पदकं चौदा. पण नावं पाचच आहेत, तीच तीच पुन्हा आली आहेत. सर, वर्गात मुलं किती असायची?”

“चाळीसेक.”

“तेरा वर्षं. म्हणजे पाचशे वीस. पदकं पाच जणांना. उरलेली पाचशे पंधरा मुलं काय करत होती?”

या प्रश्नाला मला खोटं उत्तर देता आलं असतं. पण गणिताच्या बाईंसमोर खोटं बोलायची सवय मला शाळेपासूनच नाही.

“टाळ्या वाजवत होती, बाई.”

भाऊसाहेबांना हे उत्तर आपल्या बाजूचं की विरुद्ध, हे समजलं नाही. त्यांनी सावधपणे मान हलवली.

“आणि अपघातानंतरच्या वर्षी?”

“त्या वर्षी सहावीच्या तुकडीत बावीस जण होते. एकवीस चढतात.”

“एक का नाही?”

“त्याला कांजिण्या आल्या होत्या.”

“मी सांगू का?” खिडकीतून आवाज आला. दोन गजांच्या मधे रुबिना मुलाणीचं तोंड घट्ट बसलं होतं. अंगानं काडी, पण तिची जीभ शाळेच्या घंटेला ऐकत नसे. “बाई, सगळ्यात आधी मी चढले होते. सरांना न विचारता.”

“आत ये आणि सांग,” बाई म्हणाल्या.

रुबिना दारातून आली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

“सर खुर्चीत बसून हजेरी घेत होते. मी वर गेले, पार टोकाच्या बोंडापर्यंत. मग खाली बघितलं आणि मला रडू आलं. सर खांबाजवळ आले, हात वर केला, तर हात पोचेना. मग सर म्हणाले, रुबिना, तुझा डावा गुडघा कुठं आहे? मी म्हटलं, माहीत नाही. सर म्हणाले, शोध.”

“शोध?”

“हो. मग मी शोधला. खांबाच्या मागं होता. मग सर म्हणाले, आता त्याला सांग, जरा सैल हो. फक्त त्यालाच सांग, उजव्याला नको सांगू. असं करत करत वीस मिनिटांनी मी खाली आले.”

“वीस मिन्टं!” भाऊसाहेब टेबलावर पट्टी आपटत ओरडले. “पोरगी वीस मिन्टं वर टांगली होती! हे लिहून घ्या बाई. निष्काळजीपणा!”

“मग?” बाईंनी लिहिलं नाही.

“मग मी सरांना म्हटलं, परत जाऊ का? आता माझे गुडघे सापडलेत.”

जाधवर मास्तर इतक्या मोठ्यानं हसले की कायद्याचे दोन तुकडे उडून खाली पडले.

बाई म्हणाल्या, “ठीक आहे. ही एकवीस मुलं आहेत ना खिडकीत? त्यांना खांबावर बघू. प्रश्न मिटेल.”

मी खुर्चीत जरा मागे रेलून बसलो. तेवढ्यात भाऊसाहेब उठून उभे राहिले.

“हरकत! ही पोरं मास्तरांची. वर्षभर घोटून घेतलेली. कशावरून मास्तरांनी शिकवलं? मोठ्या पोरांचं बघून शिकली असतील. आधीच तयार असलेलं पोरगं आणून दाखवायचं, ह्याला परीक्षा म्हणत न्हाईत.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाल्या.

मी पुन्हा खुर्चीच्या कडेला आलो.

“मग असं करू. एक नवखा माणूस घेऊ. ज्यानं जन्मात खांबाला हात लावलेला नाही. त्याला आधी थोरवत शिकवतील, मग साळोखे. दहा-दहा मिनिटं. चालेल, भाऊसाहेब?”

“चालंल की! ह्याला म्हणायचं न्याय.”

“पण तो माणूस साळोखेंच्या बाजूचा नको. नाहीतर तुम्ही म्हणाल, घरी शिकवून आणला.”

“अगदी बरोबर.”

“शाळेतला मुलगा नको, मुलगी नको, मुलांचे पालकही नकोत. शिक्षक नकोत, ते यांचे मित्र.”

“कुणी नको!” भाऊसाहेबांनी पट्टी उंचावली.

“मग उरलं कोण?”

आधी रुबिनानं भाऊसाहेबांकडे बघितलं. मग खिडकीतल्या सगळ्यांनी. मग मुख्याध्यापकांनी, पण लगेच छताकडे. भाऊसाहेबांनी हळूच मागे वळून पाहिलं, मागे कुणी आहे का ते. मागे भिंत होती.

“बाई… मी? माझं वय छप्पन. वजन…”

“वजन विचारलेलं नाही. हरकत तुमचीच होती. मागे घेता?”

हरकत मागे घेणं भाऊसाहेबांच्या रक्तात नव्हतं. ग्रामपंचायतीपासून ते असेच वर आले होते.

अडचण पायजम्याची होती. मल्लखांबाला मांडीची कातडी लागते; कापड लावलं की माणूस घसरतो. व्यायामशाळेच्या कपाटात माझी खाकी हाफपँट घडी घालून ठेवली होती. अपघातानंतर मी ती उघडूनही पाहिली नव्हती. ती घेऊन भाऊसाहेब सामानाच्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा वरचं बटण लागलेलं नव्हतं. त्याऐवजी दोरीवरच्या उड्यांची दोरी कमरेला गच्च बांधली होती, तिच्या लाकडी मुठी दोन्हीकडे लोंबत होत्या. बाईंनी आपली खुर्ची अंमळ तिरकी करून घेतली. पण संपूर्ण वळवली नाही.

संताजीनं हाताला तेल चोळलं. “भाऊसाहेब, साधी सलामी घेऊ. दोन्ही मांड्यांत खांब धरून जमिनीवरून वर बसायचं आणि हात सोडायचे. हे बघा, असं.”

आणि तो खांबावर होता. गेला कधी, ते कुणालाच दिसलं नाही. हात सोडले, छाती काढली, मग राहवेना म्हणून एक फिरकी घेतली, उलटा झाला, सरळ झाला आणि पिसासारखा खाली उतरला. खिडकीतून टाळ्या पडल्या. भाऊसाहेबांनीही वाजवल्या.

“वा! वा! आता पुन्हा दाखवा.”

संताजीनं पुन्हा दाखवलं. मग हळू दाखवलं. मग आणखी हळू दाखवलं.

“कळलं?”

“दिसलं,” भाऊसाहेब म्हणाले. “कळलं न्हाई.”

ते पुढे झाले आणि लांबच्या गावाहून आलेल्या मेव्हण्याला भेटावं तशी त्यांनी खांबाला मिठी मारली. उडी घेतली. क्षणभर त्यांचे दोन्ही पाय हवेत होते, याला मी साक्षीदार आहे. मग ते सरळ रेषेत खाली आले आणि मातीत बसले.

“असं नाही भाऊसाहेब. असं,” संताजी म्हणाला आणि पुन्हा वर गेला.

दहा मिनिटांत भाऊसाहेब सहा वेळा मातीत बसले. संताजीच्या कपाळावर घाम आला होता. तो बाईंसमोर येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, “मला सांगता येत नाही, बाई. मला फक्त येतं.”

मला त्याची फार दया आली. स्वतःचीही आली, पण तिचं कारण तेव्हा नीट समजलं नाही.

आता पाळी माझी. मी खुर्ची ओढून खांबापासून चार हातांवर ठेवली आणि बसलो. रुबिनाला फडक्यानं खांबाचं तेल पुसायला सांगितलं. नवख्याला तेल नसतं. त्याच्या हाताला राळेची पूड लावायची, म्हणजे पकड बसते. भाऊसाहेब धापा टाकत माझ्यासमोर उभे होते. अंगभर माती, नजर माझ्या पायांवर. मघाशी चुकलेलं उत्तर अजून त्यांच्या मनात असावं.

“भाऊसाहेब, दुकानात पाइप पाना आहे?”

“चांगले डझनभर हायेत. का?”

“गोल पाइप पान्यात घसरत का नाही?”

“आता काय सांगायचं मास्तर तुम्हाला.” त्यांचा आवाज एकदम दुकानातला झाला. “एक जबडा हिकडनं दाबतो, दुसरा तिकडनं. दोघं उलट्या दिशेनं. जेवढा जोर कराल तेवढा पाना जास्त चावतो.”

“हा खांब म्हणजे पाइप. पाना कोण?”

ते खांबाकडे बघत राहिले. मग खाली वाकून आपल्या मांड्यांकडे बघितलं. दोन्ही मांड्यांकडे आळीपाळीनं.

“आयला,” ते म्हणाले.

“मिठी मारू नका. मिठीत दोन्हीकडून सारखं दाबलं जातं. उजवी मांडी पुढून, डावी मागून. छातीच्या उंचीवर हात धरा. वर बघू नका, वर काही नाही.”

“पोट अडतंय.”

“अडू द्या. पोट खांबाला टेकवा, लांब पळवू नका. बाकीच्या मुलांकडे दोनच जबडे असतात, तुमच्याकडे तिसरा आहे.”

खिडकीतून हसू फुटलं, पण भाऊसाहेबांचं तिकडे लक्षच नव्हतं.

“आता पाइपांची मापं म्हणा. लहानापासून. एका मापाला एकच काम करायचं. पुढचं काम मी सांगेन.”

“अर्धा इंची,” भाऊसाहेब म्हणाले.

“उजवा गुडघा खांबाच्या पुढे.”

“पाऊण इंची.”

“हातांनी अंग वर ओढा, वीतभरच.”

“एक इंची.” आवाज घशातून आला. पाय जमिनीवरून सुटले होते.

“डावा पाय मागून. आवळा. दोघं उलट्या दिशेनं.”

“सव्वा!”

“श्वास सोडा. धरून ठेवलाय तुम्ही. सोडा.”

भाऊसाहेबांनी श्वास सोडला आणि थोडे खाली घसरले. सगळ्यांनी ‘ओ’ केलं. मी खुर्चीत बसून माझा असलेला आणि नसलेला, दोन्ही पाय आवळले.

“आवळा! पाना सैल झालाय, भाऊसाहेब. जोर करा, चावू द्या त्याला.”

“चावला! चावला मास्तर! दीड!”

“एक हात सोडा.”

एक हात सुटला.

“दोन इंची…” हे त्यांनी अगदी हळू म्हटलं, देवळात म्हणावं तसं.

“दुसरा सोडा. छाती पुढे.”

आणि भाऊसाहेब निकम, संस्थेचे उपाध्यक्ष, जमिनीपासून दीड फूट वर, दोन्ही हात पसरून, माझ्या हाफपँटमध्ये, सलामीत बसले. उड्यांच्या दोरीच्या मुठी दोन्ही बाजूंना डुलत होत्या. पोरं मोठ्यानं आकडे मोजायला लागली. दहा झाले, पंधरा झाले.

“झालं, भाऊसाहेब. उतरा आता,” मी म्हणालो.

“न्हाई.”

“पाय भरून येतील.”

“येऊ द्यात. हेडमास्तर, त्या फोटोवाल्याला बोलवा! माझी बायको ऐकणार न्हाई नुसतं सांगून.”

फोटोवाला समोरच्याच गल्लीत होता, पण तो येईपर्यंत त्यांना दोनदा खाली यावं लागलं आणि दोनदा परत वर. दोन्ही वेळा मी तोंड उघडलं नाही. पाऊण इंची, एक इंची, सव्वा, आपले आपणच म्हणत ते वर गेले.

खाली उतरल्यावर ते हौद्याच्या काठावर बसले. मला वाटलं दमले असतील. पण ते हाताला लागलेली राळ बोटांनी चोळत होते.

“चौथीत होतो,” ते कुणाकडेही न बघता म्हणाले. “मास्तरांनी रांगेतनं बाजूला काढलं. म्हणाले, निकम, तू नको, तुझ्यानं व्हायचं न्हाई. मी म्हटलं, मास्तर म्हणतात म्हंजे खरंच असंल. सेहेचाळीस वर्षं झाली, मी ते खरं मानून बसलोय बघा.”

ते मास्तर मी नव्हतो. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. पण मला पाचशे पंधरा मुलांच्या टाळ्या ऐकू यायला लागल्या. त्यांतल्या किती जणांना मी ‘तू नको’ म्हणालो होतो? तोंडानं कधीच नाही. मी नुसता त्यांच्यासमोर सरसर वर जात होतो, आणि ती मुलं ते ऐकत होती.

बाईंनी कागद पुढे ओढला. “एवढ्या वर्षांपूर्वी तुम्हाला रांगेतून काढलं, ते बरोबर होतं की चूक?”

“चूक!”

“आणि साळोख्यांना?”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, हात हाफपँटला पुसले आणि पेन मागितलं.

“पण पदकाचं काय, बाई? अध्यक्ष मला विचारणार.”

“त्यांना फोटो दाखवा.”

निर्णय एकमतानं झाला. दोषारोप रद्द, शिक्षकास त्याच पदावर पूर्ववत रुजू करून घ्यावे. जाधवर मास्तरांनी त्यात कायद्याचं एक वाक्य घालायचा आग्रह धरला, आणि ते वाक्य तिसऱ्या पानावर संपलं. त्या आदेशाची प्रत माझ्याकडे आहे. भाऊसाहेबांच्या सहीशेजारी राळेनं माखलेल्या अंगठ्याचा डाग पडलाय, अजून गेला नाही. माझी हाफपँट मात्र परत आली नाही. मीही मागितली नाही.

सगळे पांगल्यावर संताजी खांबाजवळ उभा होता. त्याची नेमणूक त्या दिवशी संपली, आणि ती माझ्यामुळे संपली. तोच म्हणाला, “सर, दिवाळीनंतर मला दुसरीकडं जागा मिळतेय. तोवर मी रोज आलो तर चालेल?”

“कशाला? तुला काय येत नाही?”

“तेच तर. मला चढता येतं. मला ते सांगायला शिकवा.”

मी खुर्चीतून उठलो आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बस. हात मांडीखाली घे. काही झालं तरी उठायचं नाही. रुबिना!”

रुबिना अजून दारातच घुटमळत होती. ती पळत आली.

“तू आता नवखी आहेस. थोरवत सर सांगतील तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. कळलं?”

तिचे डोळे चमकले. असं काम तिला जन्मात कुणी दिलं नव्हतं. ती खांबासमोर जाऊन सरळ ताठ उभी राहिली, जणू तिनं खांब पहिल्यांदाच पाहिलाय.

संताजीनं हात मांडीखाली दाबून धरले होते, तरी खांदे वर जायला बघत होते. त्यानं खांबाकडे पाहिलं, रुबिनाच्या पायांकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाला, “पाय उचल.”

रुबिना जागची हलली नाही. तिनं मान वळवून अतिशय गंभीर चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

“कुठला?”